भांडी परत, कारण नाही

बँकेविषयी कोणी चांगले बोलल्याचे माझ्या ऐकिवात नाही. वीसएक वर्षे मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो आहे आणि बाहेरच्या बाजूने येणारे शब्द निमूटपणे ऐकतो आहे. त्यांतले निम्मे खरे असतात, हे आमचे साहेबही खासगीत कबूल करतात. परंतु बँकेची एक गोष्ट मात्र मी छातीवर हात ठेवून सांगेन. बँक चेक परत करते तेव्हा कारण लिहून परत करते. परत जाणाऱ्या चेकबरोबर एक चिठ्ठी असते, तिला रिटर्न मेमो म्हणतात. कारणे आधीच ठरलेली असतात: खात्यात पुरेशी शिल्लक नाही, सही जुळत नाही, अक्षरी आणि आकडी रकमेत फरक आहे, चेकची मुदत उलटून गेली आहे, खातेदाराने पैसे न देण्याची सूचना दिली आहे. यांतले जे लागू असेल ते लिहायचे, की झाले. चेक परत आलेला माणूस मेमो हातात घेऊन तणतणत येतो, शिव्या देतो; पण नेमक्या देतो. त्या कुणाला द्यायच्या, हे त्याला चिठ्ठीनेच सांगितलेले असते.

पैशांच्या व्यवहारात ही रीत चालते, तर भांड्यांच्या व्यवहारात का चालू नये, असा माझा साधा सवाल आहे.

आमच्या घरी भांडी धुण्याचे यंत्र आहे. दुकानदार त्याला डिशवॉशर म्हणतो, गल्लीतले लोक 'भांड्याचं मशीन' म्हणतात आणि आई नुसते 'पेटी' म्हणते. रात्रीची जेवणे झाली की ही पेटी भरायची, दार लावायचे, बटण दाबायचे आणि निजायचे. अडीच तासांत भांडी लख्ख. असा करार होता. पण एके रात्री पेटीने तासाभरातच काम टाकले, तीनदा पिपाणी वाजवली आणि कपाळावर 'ई' हे अक्षर व त्यापुढे एक आकडा मिरवीत ती स्वस्थ बसली. दार उघडले, तर तळाशी साबणाचे कोमट पाणी, त्यावर आमटीचा तवंग आणि त्यात उभी असलेली ताटे. भांडी परत. कारण? नाही.

तुम्ही म्हणाल, तो 'ई' आणि आकडा हेच तर कारण. नाही हो! ते कारणाला लावलेले कुलूप आहे आणि किल्ली कंपनीकडे आहे. मी पुस्तिका काढून बघितली. आमच्या आकड्यासमोर छापले होते, 'अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा.' त्याच्या वरच्या आकड्यासमोर तेच. खालच्या आकड्यासमोरही तेच. म्हणजे मेमो आहे, पण प्रत्येक कारणापुढे 'साहेबांना भेटा' एवढेच लिहिलेले. सगळ्याच कंपन्या असे करतात, असे माझे म्हणणे नाही. काहींच्या पुस्तिकेत प्रत्येक आकड्याचा अर्थ नीट दिलेला मी स्वतः वाचला आहे. म्हणून तर राग जास्त येतो. एकाला जमते ते दुसऱ्याला का जमू नये?

कॉमर्स कॉलेजात आम्हाला १९३० चा मालविक्री कायदा शिकवला होता. किंमत घेऊन वस्तूची मालकी घेणाऱ्याच्या हवाली करणे म्हणजे विक्री, असे त्याचे सार. आता ज्या यंत्राला आपण का थांबलो हे ठाऊक आहे, आणि जे ते मालकाला सांगत नाही, त्याची मालकी माझ्या हवाली झाली कुठे? ते यंत्र अर्धेच विकलेले आहे. पैसे मात्र पूर्ण घेतलेले आहेत.

हे यंत्र आमच्या गावात आले कसे, तेही सांगितले पाहिजे. कारण भांडण दोन आघाड्यांवरचे आहे.

अंथुर्णे हे बारामती-इंदापूर रस्त्यावरचे गाव. तालुका इंदापूर, पाणी नीरा डाव्या कालव्याचे आणि नजर जाईल तिकडे ऊस. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी याच रस्त्याने पंढरपूरला जाते. वाटेत बेलवाडीला रिंगण होते. अशा गावात तुम्ही ट्रॅक्टर घेतलात तर लोक पेढे मागायला येतात. भांड्याचे मशीन घेतलेत तर चौकशीला येतात, तीही घरात कुणी अंथरुणाला खिळल्यासारखी. 'वहिनींना बरं नाही का?' हा पहिला प्रश्न. बरे आहे म्हटले, की दुसरा, 'मग आता वहिनी दिवसभर करणार काय?' गावात पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा 'मग आता बैल काय करणार?' असे कोणी विचारल्याचे जुनी माणसे सांगत नाहीत. बैलाच्या विश्रांतीला कुणाची हरकत नव्हती. वहिनींच्या विश्रांतीला मात्र अख्ख्या आळीची आहे.

मी कॉमर्सचा माणूस. भावनेवर बोलत नाही, हिशेबावर बोलतो. आमच्या घरी भांडी दिवसातून तीनदा पडतात. एका वेळेला पाऊण तास धरा. दिवसाचे सव्वादोन तास, वर्षाचे सुमारे ८२० तास. कामाचा दिवस आठ तासांचा धरला तर हे झाले १०२ दिवस. म्हणजे घरातली बाई वर्षातले १०२ कामाचे दिवस नुसती मोरीपुढे बसलेली असते. बँकेत मी १०२ दिवसांची रजा मागितली, तर आमचे साहेब मला आधी पाणी देतील आणि मग डॉक्टरांना फोन करतील. आमची सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती शाळाही करीत होती आणि हे १०२ दिवसही करीत होती. त्याआधी आईने केले. पहिल्यांदा राखेने आणि नारळाच्या शेंडीने, मग साबणाच्या वडीने आणि तारेच्या घासणीने. आज थंडीच्या दिवसांत तिच्या बोटांची पेरे सुजतात. या १०२ दिवसांची नोंद कुठल्याच वहीत नाही. ना जमेला, ना नावे.

शहरांना तरी हा हिशेब कुठे ठाऊक होता? २०२० सालच्या टाळेबंदीत कामवाल्या बायांना घरोघरी जाणे बंद झाले, तेव्हा मोठमोठ्या सोसायट्यांतल्या साहेबलोकांनी पहिल्यांदा कढई घासली आणि या यंत्रांना एकदम मागणी आली. कढईच्या बुडाशी साहेबांना जे ज्ञान झाले, ते बायकांना पिढ्यान्‌पिढ्या होते.

हे यंत्र काढले तेही एका बाईनेच. अमेरिकेत इलिनॉय प्रांतात शेल्बीव्हिल नावाचे गाव आहे, तिथल्या जोसेफिन कॉक्रन या त्या बाई. नोकरांच्या हातून घरातल्या चिनी मातीच्या बशा टवके उडून खराब व्हायच्या, तेव्हा त्यांनी भांडी धुण्याचे यंत्रच करायचे मनात घेतले. १८८३ मध्ये पती वारले, मागे कर्ज ठेवून गेले. बाईंनी रडत न बसता घरामागच्या छपरीत एक मेकॅनिक हाताशी धरून यंत्र पुरे केले. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना पेटंट मिळाले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र मांडले गेले. भांडी तारेच्या खणांत उभी करायची आणि ब्रश न लावता जोरदार पाण्याने धुवायची, ही युक्ती त्यांची. आजही पेटीच्या आत तेच चालते. इंजिनिअरिंगची पदवी नसलेल्या एका विधवा बाईने जे यंत्र उभे केले, त्याचे झाकण उघडायला आज आमच्या घरातल्या पदवीधर बाईला परवानगी नाही!

तर मूळ प्रकरणाकडे येतो. पेटी थांबली ती रात्र साधी नव्हती. त्या दिवशी पालखी गावावरून गेली होती. दिवसभर पाहुणे, ओळखीचे वारकरी, पंगतीवर पंगती. पेटी तिसऱ्यांदा भरलेली. रात्री अकरा वाजता तिने संप पुकारला. आता अर्ध्यात थांबलेल्या यंत्रातली भांडी ही न धुतलेल्या भांड्यांपेक्षा वाईट असतात, हे ज्याने घासली आहेत त्यालाच कळेल. खरकटे पाण्यात विरघळून सगळीकडे समान वाटले गेलेले असते. ज्या वाटीत नुसते ताक होते तिलाही आमटीचा तवंग. सौ. आणि आई मोरीवर बसल्या. मी विसळायला बसलो. सौ. एक शब्द बोलली नाही. सौ. बोलत असली की घरात सगळे ठीक चालले आहे असे समजावे. ती गप्प असली की प्रकरण गंभीर.

दुसऱ्या दिवशी फोन. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असे एका बाईंनी मला अर्ध्या तासात अकरा वेळा सांगितले. शेवटी एक जिवंत माणूस आला आणि त्याने बजावले, 'कृपया मशीन उघडू नका.' नवव्या दिवशी कंपनीचा पोरगा आला. कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या गावाहून, ते मी सांगणार नाही. खातेदाराची माहिती बाहेर बोलायची नाही ही बँकेतली सवय आहे. पोरगा सज्जन होता. त्याने पायातले बूट बाहेर काढले, वरची जाळी पुसली, बटण दाबले, कपाळावरचा आकडा वाचला आणि म्हणाला, "सर, बोर्ड गेलाय."

"बोर्डच गेलाय हे कशावरून?"

"सर, या कोडला आम्ही बोर्ड बदलतो."

ही तऱ्हा तुम्ही ध्यानात घ्या. रोगी डॉक्टरकडे गेला आणि डॉक्टरांनी नाडी न बघता सांगितले, 'या तापाला आम्ही डोके बदलतो.' बोर्डाची किंमत ११,६०० रुपये, येण्याजाण्याचे ६५० वेगळे, आणि बोर्ड येईपर्यंत दोन आठवडे. वॉरंटी? ती चारच महिन्यांपूर्वी संपलेली. पोराला मी बोल लावीत नाही. त्याला आठवड्यातून इतकी घरे गाठायची असतात की नाडी बघायला सवड नसते, आणि बोर्ड बदलायचे शिकवले असेल तर तो बोर्डच बदलणार. माझे भांडण त्याला असे शिकवणाऱ्याशी आहे.

बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर आम्ही कॅशिअर बदलत नाही. आम्ही फरक काढतो आणि फरकाकडे बघतो. फरकाला नऊने भाग जातो का? जात असेल तर कुठेतरी आकडे उलटे पडले असण्याचा संभव. ५४ चे ४५ झाले असतील. फरक सम आहे का? मग त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा. ती जमेऐवजी नावे पडलेली असते. नोकरीला लागलो तेव्हा आमच्या जुन्या हेडक्लार्कांनी हे मला शिकवले. फरक स्वतःच सांगत असतो, आपण कुठे लपलो आहोत ते. ऐकणारा पाहिजे.

कॉमर्स न शिकता सौ.ने हीच रीत लावली, तीही पहिल्याच रात्री मोरीवर बसल्या बसल्या.

"अहो, ते थांबलं कधी?"

"तासाभराने."

"तास नका सांगू. काय करताना थांबलं?"

प्रश्न ऐकून मी चमकलो. सौ. पुढे बोलू लागली. "पाणी आत आलं होतं, ताटं पाण्यातच उभी होती. पाणी तापलं होतं, कारण कोमट लागलं हाताला. साबण सुटला होता, फेस होता. मग राहिलं काय? बाहेर जायचं राहिलं. मोरी तुंबलीय हो त्याची!"

हे सगळे तिने कंपनीच्या पोरालाही सांगितले होते. तो अदबीने म्हणाला, "मॅडम, कोडमध्ये तसं येत नाही."

पोरगा गेल्यावर मी स्टँडजवळच्या मिस्त्रींना बोलावले. यांचा धंदा मोटारी भरण्याचा. विहिरीवरची मोटार असो की बोअरमधली पाणबुडी, जळली की ती यांच्याकडे येते. मिस्त्रींनी पेटीला एक प्रदक्षिणा घातली आणि पहिले वाक्य बोलले, "आधी पिन काढा, सायेब." पिन काढली. फडक्याने तळाचे पाणी टिपले. जाळी बाहेर घेतली. जाळीच्या खाली कोपऱ्यात प्लॅस्टिकचे एक लहानसे झाकण होते, ते उचकटले. आत पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा भोवरा. मिस्त्रींनी बोटाने तो फिरवून पाहिला. फिरेना. मग चिमटा आत घातला, जरा हिसका दिला आणि हात माझ्यापुढे धरला. तळहातावर चिंचोका होता.

"ह्यो बगा तुमचा बोर्ड," मिस्त्री म्हणाले.

जाळी धुवायला काढली की खालचे तोंड उघडे पडते. आमटीतला चिंचोका तिथे कधी शिरला ते त्या चिंचोक्यालाच ठाऊक. पेटी सुरू झाली. मिस्त्रींनी चहा घेतला, शंभर रुपये घेतले आणि ते एका पाणबुडीच्या कामाला निघून गेले. चिंचोका सौ.ने जपून ठेवला आहे. अकरा हजार सहाशे रुपये किमतीचा दागिना घरात दुसरा कुठे आहे?

आता कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. बँकेत आम्ही दोन्ही बाजूंची बेरीज करतो.

पहिले म्हणणे, ग्राहकाने यंत्र उघडले तर त्याला विजेचा झटका बसेल. अगदी बरोबर. आत २३० व्होल्ट खेळतात, पाणी तापवणारी कांडी आहे, बोर्ड आहे. तिथे मी बोट लावणार नाही आणि तुम्हीही लावू नका. पण चिंचोक्यात २३० व्होल्ट नव्हते. कुठे मालकाने हात घालावा आणि कुठे मिस्त्रीने, ही रेघ आखता येते. युरोपने ती आखून दाखवली आहे. तिथे १ मार्च २०२१ पासून नियमच आहे. भांडी धुण्याच्या यंत्राची जाळी, पाणी उडवणारे हात, दाराचे रबर, खण हे भाग खुद्द मालकाला शेवटचे यंत्र बाजारात आल्यापुढे १० वर्षे मिळाले पाहिजेत. पंप, मोटर, कांडी, बोर्ड हे भाग जाणत्या दुरुस्तीवाल्याला ७ वर्षे मिळाले पाहिजेत. आणि सगळ्यांत मला आवडलेले कलम असे, की कोणता बिघाड कसा ओळखायचा, त्याचा अर्थ काय, त्यावर काय करायचे आणि कोणत्या बिघाडाला जाणकारच बोलवायचा, हे मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेच पाहिजे. म्हणजे रिटर्न मेमो! युरोपातल्या माणसाला जो मेमो मिळतो, तो अंथुर्ण्यातल्या माणसाला का मिळू नये? चिंच आम्ही जास्त खातो हा काही गुन्हा नव्हे.

दुसरे म्हणणे, तुमचे पाणीच जड. हेही खरे. कालव्याला पाळी असेल तेव्हा ठीक, एरवी बोअरचे मचूळ पाणी. हंड्याला, बादलीला, गिझरच्या कांडीला पांढरा थर धरतो. नीरा डाव्या कालव्याखाली पिढ्यान्‌पिढ्या ऊस भिजवून सखल जमिनी क्षारपड झाल्या, त्या आमच्या भागात कुणाला दाखवाव्या लागत नाहीत. जमिनीला जे झाले ते कांडीलाही होणार. थर बसला की पाणी सावकाश तापते आणि यंत्र ताटकळत बसते. याच्यावर उपायही यंत्रातच असतो. पाणी मऊ करणारे दाणे आत असतात आणि त्यांना ताजे ठेवायला जाड, निखळ मीठ वेगळ्या कप्प्यात घालावे लागते. आयोडीनचे बारीक मीठ चालत नाही. मग हे विकताना का सांगत नाहीत? दुकानात मला यंत्राचा रंग सांगितला, हप्ता सांगितला, जिच्याबरोबर फुकट मिळणार त्या इस्त्रीचे वजनसुद्धा सांगितले. 'तुमच्याकडे पाणी कसले आहे?' एवढे मात्र कोणी विचारले नाही. तीच गोष्ट दाबाची. बैठ्या घराच्या गच्चीवरची टाकी नळापासून दहा फूट उंच असली, तर पाण्याचा दाब जेमतेम ०.३ बार भरतो. आणि कित्येक यंत्रांना त्याहून अधिक लागतो. पाणी हळू आले की यंत्र वाट बघून कंटाळते आणि थांबते. हा बिघाड यंत्राचा नव्हे, टाकीचा नव्हे. न विचारलेल्या प्रश्नाचा आहे.

तिसरे म्हणणे उघड बोलत नाहीत, पण नाकावर दिसते: खेड्यातल्या मिस्त्रीला यातले काय कळणार? यावर मला हसूच येते. आमच्या शेजारी वालचंदनगर आहे. तिथे साखर कारखान्यांची अवजड यंत्रे होतात आणि इस्रोच्या अग्निबाणांची कवचेही होतात. या भागातल्या किती घरांतली माणसे तिथे आयुष्यभर लोखंडाशी बोलत आली! जिथले कवच अग्निबाणाला चालते, तिथल्या शेजाऱ्याला चिंचोका काढायला परवानगी पाहिजे? आणि थांबण्याचे म्हणाल तर साखर कारखानाही हंगामात थांबतो. पण तिथे किती तास बंद राहिला, हे कारणवार लिहितात: ऊस नाही म्हणून इतके, यांत्रिक बिघाडाने इतके, विजेच्या बिघाडाने इतके. ते आकडे अहवालात छापून सभासदांपुढे येतात. हजारो टन ऊस गाळणारे धूड आपल्या थांबण्याचा हिशेब उसाच्या मालकाला देते आणि बारा ताटे धुणारी पेटी आपल्या मालकाला देत नाही!

ग्राहकाच्या हक्काची ओरड आपल्याकडे नवी नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली आमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, पुण्यात सुरू केली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला, त्याच्या जागी २०१९ चा नवा आला. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, मोटारगाड्या आणि घरगुती यंत्रे हे चार विषय तिच्यापुढे ठेवले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी पोर्टलही निघाले. आनंद आहे. पण पोर्टल ही पाटी झाली. पाटी लावली म्हणजे दुकानात माल आला, असे होत नाही. माल म्हणजे तो मेमो. आणि मसुदा करायला कुणाला वेळ नसेल, तर क्लार्क कशाला आहेत? हा घ्या. फक्त छापून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचा आहे.

'प्रिय मालक, मी अर्ध्यात थांबलो आहे. कारण खूण केल्याप्रमाणे.

एक. पाणी आत आले नाही. नळ, टाकी, मुडपलेली नळी आणि नळीच्या तोंडाची गाळाने बुजलेली जाळी पाहावी.

दोन. पाणी बाहेर गेले नाही. पिन काढून तळाची जाळी, पंपातला अडथळा आणि सांडपाण्याची नळी पाहावी. चिंचोके, लवंगा, काचेचे तुकडे यांचा विशेष शोध घ्यावा.

तीन. दार नीट लागलेले नाही. एखादा झारा आडवा आला आहे का ते पाहावे.

चार. माझ्या तळाच्या ट्रेत पाणी उतरले आहे, त्यामुळे तिथला तरंगता खटका वर उचलला गेला आणि घरात पाणी होऊ नये म्हणून मी सगळे बंद केले. सांधा गळतो आहे, किंवा कोणी हाताने भांडी घासायचा साबण घातल्याने फेस उतू गेला आहे.

पाच. वीज गेली होती किंवा फार कमी दाबाने आली. यात माझा दोष नाही.

सहा. पाणी तापले नाही. मिस्त्रींना बोलवावे.

सात. वरील सहाही नसल्यास, आणि तेव्हाच, बोर्ड.'

बघा, सातातली पाच कारणे घरातल्या माणसाला पाहता येण्यासारखी आहेत. कंपनीची यादी मात्र सातपासून सुरू होते. खालून वर वाचायची सवय फक्त बिल करणाऱ्याला असते.

तेव्हा वाचकहो, तुम्ही यंत्र घ्यायला जाल तेव्हा रंग बघा, हप्ता बघा, इस्त्री फुकट मिळत असेल तर तीही घ्या. पण पैसे मोजण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न विचारा, 'हे मध्येच थांबलं तर का थांबलं ते मला सांगेल का?' पुस्तिका मागून घ्या आणि ते पान तिथेच उभ्याने वाचा. आकड्यांपुढे अर्थ लिहिलेला असेल तर खुशाल घ्या. घरातल्या बाईचे वर्षातले १०२ दिवस वाचवणारी वस्तू वाईट नव्हे. शेजारी काय विचारतील तो विचार शेजाऱ्यांनी करावा. पण दुकानदार पुस्तिका मिटून हसत म्हणाला, 'सर, आपलं मशीन थांबतच नाही,' तर तुम्हीही हसा आणि बाहेर पडा. न थांबणारे यंत्र अजून निघालेले नाही. आणि आमचा चेक कधी परत येतच नाही असे सांगणाऱ्या माणसाला कोणतीही बँक कर्ज देत नाही.